तत्त्व आणि अपवाद : कॅथलिक सामाजिक शिकवणुकीच्या इतिहासातील गुलामगिरीचा प्रश्न

प्रस्तावना

कॅथलिक चर्चच्या सामाजिक शिकवणुकीचा इतिहास सांगताना बहुतेक अभ्यासक १५ मे १८९१ या दिवसापासून प्रारंभ करतात. त्या दिवशी पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक प्रसृत केले आणि औद्योगिक कामगारांची स्थिती, न्याय्य वेतन, संघटनेचा हक्क व खाजगी मालमत्तेची कर्तव्ये यांविषयी चर्चची भूमिका प्रथमच पद्धतशीरपणे मांडली. पुढे १९३१ चे 'क्वाद्राजेसिमो आन्नो', १९६३ चे 'पाचेम इन तेर्रिस', १९६५ चा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा 'गौदियुम एत स्पेस' हा दस्तऐवज आणि १९९५ चे 'एव्हांजेलियुम व्हिते' अशी मालिका जोडली जाते. गर्भातील जीवापासून परप्रांतात राबणाऱ्या मजुरापर्यंत प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा अनुल्लंघनीय आहे, या एका सूत्रात ही सारी मालिका ओवली जाते. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी 'चौदावे लिओ' हे नाव धारण करताना तेराव्या लिओंच्या याच परिपत्रकाचे स्मरण केले होते.

ही मांडणी चुकीची नाही; परंतु ती अपुरी आहे. तिच्यात शिकवण एखाद्या बांधीव पाटातून वाहत आल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात मानवी प्रतिष्ठेच्या तत्त्वाची खरी कसोटी कारखान्याच्या आधी चार शतके, गुलामांच्या बाजारात लागली होती. प्रस्तुत निबंधात त्या कसोटीचा मागोवा घेतला आहे. सर्व माणसे ईश्वराची प्रतिमा आहेत, हे तत्त्व कोणत्याही पोपने औपचारिकरीत्या नाकारलेले आढळत नाही. अडचण तत्त्वाची नव्हती, अपवादांची होती. तत्त्वाचा उच्चार आणि अपवादांची यादी ही दोन्ही कामे एकाच वेळी, अनेकदा एकाच कार्यालयात, चालू होती. प्रतिष्ठेची शिकवण समजून घ्यायची असेल, तर हे अपवाद कसे टिकले आणि कोणाच्या रेट्याने गळून पडले, हे पाहणे अगत्याचे ठरते.

आज्ञापत्रे आणि गोव्याचा रस्ता

१८ जून १४५२ रोजी पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालचा राजा पाचवा अफोन्सो यास 'दुम दिवेर्सास' हे आज्ञापत्र दिले. मुसलमान व मूर्तिपूजक यांचे प्रदेश जिंकण्याचा आणि त्यांना कायमच्या दास्यात टाकण्याचा अधिकार त्यात स्पष्ट शब्दांत आहे. १४५५ च्या 'रोमानुस पोंतिफेक्स' या आज्ञापत्राने त्यास दुजोरा दिला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील व्यापाराची मक्तेदारी पोर्तुगालकडे सोपविली. १४९३ मध्ये सहाव्या अलेक्झांडर यांनी नव्याने सापडलेल्या पश्चिमेकडील प्रदेशांबाबत स्पेनला तशीच मोकळीक दिली.

ही आज्ञापत्रे आपल्याला वाटतात तितकी दूरची नाहीत. पोर्तुगीज राजाला त्याच्या ताब्यातील प्रदेशांत धर्मकारभाराचे जे विशेषाधिकार मिळाले व जे पुढे 'पाद्रुआद' या नावाने ओळखले गेले, त्यांचा एक पाया याच आज्ञापत्रांत आहे. १५३४ मध्ये स्थापन झालेला आणि १५५७ मध्ये आर्चबिशपच्या पीठाचा दर्जा मिळालेला गोव्याचा धर्मप्रांत याच व्यवस्थेखाली वाढला. तेव्हा लिस्बनसाठी लिहिलेल्या शब्दांचे परिणाम मांडवीच्या काठी दिसणे स्वाभाविक होते.

१५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन हा स्वतः आर्चबिशपच्या पदरी नोकरीस होता. शहरातील मुख्य रस्त्यावर, रुआ दिरैतावर, रोज भरणाऱ्या लिलावात इतर मालाबरोबर स्त्री-पुरुष गुलामही विकले जात, हे त्याने नोंदविले आहे. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे आलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल हाही त्याच बाजाराचे वर्णन करतो. मोझांबिकच्या किनाऱ्यावरून आणलेले लोक त्यांत मोठ्या संख्येने असत. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने गुलामगिरीचा प्रश्न विचारार्थ घेतला होता; परंतु गुलाम ठेवणे योग्य की अयोग्य असा तो प्रश्न नव्हता. कोणता गुलाम 'न्याय्य कारणाने' गुलाम झाला आहे आणि कोणता नाही, एवढीच छाननी होती.

या 'न्याय्य कारणां'चा उलगडा येथेच करून ठेवणे सोयीचे होईल, कारण पुढील तीनशे वर्षांचा वाद त्यांच्याभोवती फिरतो. रोमन कायद्यातून व मध्ययुगीन धर्मशास्त्रातून आलेली अशी चार कारणे मानली जात : न्याय्य युद्धात कैद होणे, गुन्ह्याची शिक्षा, उपासमारीसारख्या निकडीत स्वतःस अथवा अपत्यास विकणे, आणि दासीच्या पोटी जन्म. यांतील चौथे कारण सर्वांत घातक होते. पहिली तीन कारणे निदान त्या त्या व्यक्तीच्या आयुष्यातील घटनेकडे बोट दाखवीत. चौथ्या कारणात अपराध नाही, युद्ध नाही, करारही नाही. आहे ती केवळ कूस. जन्मावरून माणसाचा दर्जा ठरविण्याची रीत भारतीय वाचकाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

मराठीच्या अध्यापकांना एक गोष्ट नक्कीच जाणवेल. ज्या दशकांत लिन्सखोटेन हा बाजार पाहत होता, त्याच दशकांत फादर थॉमस स्टीफन्स साष्टीत होते आणि पुढे १६१६ मध्ये राशोल येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. मराठीच्या गौरवाचा तो ग्रंथ आणि तो लिलाव एकाच पिढीतले आहेत. आपल्या वाङ्मयेतिहासात पहिल्याला मानाचे स्थान आहे. दुसऱ्याचा उल्लेख क्वचित होतो.

मोन्तेसिनोस ते वायादोलिद

२१ डिसेंबर १५११ रोजी, नाताळपूर्व पर्वातील चौथ्या रविवारी, हिस्पानिओला बेटावर आन्तोनिओ दे मोन्तेसिनोस या डोमिनिकन धर्मगुरूने प्रवचन केले. श्रोत्यांत राज्यपाल दिएगो कोलंबस व वसाहतीतील प्रतिष्ठित मंडळी होती. तुम्ही या मूलनिवासींना खाणीत राबवून मारता ते कोणत्या अधिकाराने, आणि ती माणसे नव्हेत काय, असा त्या प्रवचनाचा आशय होता. श्रोत्यांनी मठावर जाऊन माफीची मागणी केली. पुढल्या रविवारी मोन्तेसिनोस यांनी तेच पुन्हा सांगितले. राजा फर्दिनांद याने या मठवासींची कानउघाडणी केली. १५१२ चे बुर्गोसचे कायदे हे त्या खळबळीचे फलित. पण त्यांनी सक्तीच्या मजुरीची पद्धत रद्द न करता तिला नियमांची चौकट दिली.

हा आशय आपल्यापर्यंत पोहोचला तो बार्तोलोमे दे लास कासास यांच्या लेखणीमुळे. त्या काळी ते स्वतः जमीन आणि मूलनिवासींची वेठ उपभोगणारे धर्मगुरू होते. प्रवचनानंतरही तीन वर्षे त्यांच्या आचरणात बदल झाला नाही. १५१४ मध्ये क्युबात, गरिबांच्या कमाईतून दिलेल्या दानाचा निषेध करणारा बायबलमधील एक उतारा वाचून त्यांनी आपल्या वाट्याचे मूलनिवासी सोडून दिले आणि उरलेले अर्धशतक त्यांच्या बाजूने झगडण्यात घालविले. तथापि त्यांच्या चरित्रातील एक बाजू झाकून ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. मूलनिवासींना वाचविण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणावेत, अशी सूचना १५१६ च्या सुमारास त्यांनीच केली होती. पुढे त्यांना याचा पश्चात्ताप झाला. काळ्या माणसांचे दास्यही तितकेच अन्याय्य आहे, असे त्यांनी आपल्या 'इंडीजचा इतिहास' या ग्रंथात लिहून ठेवले. दुर्दैव असे की हा ग्रंथ १८७५ पर्यंत छापला गेला नाही. त्यांची चूक बाजारात पोहोचली होती. पश्चात्ताप मात्र तीन शतके हस्तलिखितात पडून राहिला.

दरम्यान मेक्सिकोतून बेर्नार्दिनो दे मिनाया हा डोमिनिकन, त्लाश्कालाचे बिशप हुलियान गार्सेस यांचे पत्र घेऊन रोमला गेला. मूलनिवासी बुद्धिमान आहेत व श्रद्धेस पात्र आहेत, असे त्या पत्रात होते. २ जून १५३७ रोजी पोप तिसरे पॉल यांनी 'सुब्लिमिस देउस' हे आज्ञापत्र काढले. मूलनिवासी व यापुढे ख्रिस्ती लोकांच्या माहितीत येणारे इतर सर्व लोक, ते ख्रिस्ती नसले तरी, आपल्या स्वातंत्र्यापासून व मालमत्तेपासून वंचित केले जाऊ नयेत, असा त्याचा निःसंदिग्ध आशय आहे. तत्त्वाची यापेक्षा स्पष्ट मांडणी सोळाव्या शतकात सापडणे कठीण.

परंतु तत्त्वाला दात लागतात ते अंमलबजावणीच्या पत्राने. ते पत्र चारच दिवस आधी, २९ मे १५३७ रोजी, तोलेदोचे आर्चबिशप कार्डिनल तावेरा यांच्या नावे निघाले होते. मूलनिवासींना गुलाम करणाऱ्यांस धर्मबहिष्कृत करण्याची तरतूद त्यात होती. आपल्याला वगळून थेट रोमशी व्यवहार झाल्याने सम्राट पाचवा चार्ल्स संतापला. १९ जून १५३८ रोजी त्याच पोपने ही तरतूद मागे घेतली. मिनायाला त्याच्याच संघाच्या वरिष्ठांनी स्थानबद्ध केले. १५३९ मध्ये सालामांकाच्या डोमिनिकन मठाने इंडीजवरील राजाच्या हक्काची जाहीर चर्चा थांबवावी, असा हुकूम सम्राटाने धाडला. फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांची मूलनिवासींच्या हक्कांवरील प्रसिद्ध व्याख्याने नुकतीच त्याच परिसरात झाली होती. आणि १५४८ मध्ये याच तिसऱ्या पॉलनी रोम शहरातील रहिवाशांना गुलाम बाळगण्याची व विकण्याची मुभा दिली. मूलनिवासींविषयीचे तत्त्व आणि रोममधल्या गुलामांविषयीची मुभा यांत त्यांना विसंगती दिसली नसावी, कारण दुसरी गोष्ट 'न्याय्य कारणां'च्या खात्यात जात होती.

१५५०-५१ मध्ये वायादोलिद येथे लास कासास आणि हुआन हिनेस दे सेपुल्व्हेदा यांच्यात झालेला वाद अध्यापकवर्गाला परिचित आहे. काही माणसे स्वभावतःच दास असतात हे ॲरिस्टॉटलचे मत सेपुल्व्हेदाने पुढे केले. लास कासासांनी ते मूलनिवासींच्या बाबतीत खोडून काढले. परीक्षक मंडळाने अधिकृत निर्णय दिलाच नाही. अटलांटिक ओलांडून नेल्या जाणाऱ्या आफ्रिकनांचा प्रश्न तर त्या सभेच्या कार्यपत्रिकेवरही नव्हता.

रोममधील एक फिर्यादी

तो प्रश्न सभेपुढे आला नाही, तो अर्जाच्या रूपाने आला. याचे श्रेय लॉरेन्सो दा सिल्व्हा दे मेंदोन्सा या गृहस्थाला द्यावे लागते. तो अंगोलातील राजकुळाशी नाते सांगणारा, आणि पोर्तुगाल-स्पेनमधील काळ्या ख्रिस्ती लोकांच्या धार्मिक मंडळांचा प्रतिनिधी होता. १६८४ मध्ये त्याने रोमला जाऊन फिर्याद गुदरली. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांनाही पिढ्यान्‌पिढ्या गुलाम ठेवले जाते आणि त्यांचा अमानुष छळ होतो, हा तिचा रोख होता. त्याच सुमारास हाका आणि मुआरां या दोन कापुचिन धर्मगुरूंनी हवानात गुलामांच्या मालकांना पापक्षमा देण्याचे नाकारले होते, त्याबद्दल ते पकडले जाऊन युरोपात परत पाठविले गेले होते. त्यांचेही लेखन रोमच्या कार्यालयांत येऊन पडले होते.

२० मार्च १६८६ रोजी श्रद्धारक्षक न्यायमंडळाने, म्हणजे 'होली ऑफिस'ने, सादर झालेल्या विधानांवर निर्णय दिला. बळाने वा कपटाने निरपराध माणसांना पकडणे, अशा माणसांची खरेदी-विक्री करणे गैर आहे. खरेदीदाराने कारण न्याय्य आहे की नाही याची चौकशी केलीच पाहिजे. अन्यायाने गुलाम केलेल्यांना मुक्त करून नुकसानभरपाई द्यावी. निर्णय कडक होता. त्याची अंमलबजावणी लिस्बन व माद्रिद यांच्या हाती होती, आणि ती झाली नाही. पण या प्रसंगाचे महत्त्व निष्फळतेने उणे होत नाही. चर्चच्या दरबारात प्रतिष्ठेचा दावा येथे धर्मपंडिताने दुसऱ्याच्या वतीने मांडला नाही. ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्यापैकीच एकाने तो मांडला. सामाजिक शिकवणुकीच्या प्रचलित पाठ्यग्रंथांत मेंदोन्साचे नाव अभावानेच आढळते, ही खेदाची बाब होय.

एका शतकातील तीन पावले आणि एक माघार

अठरावे शतक येथे वेगाने ओलांडता येईल. १७४१ मध्ये चौदाव्या बेनेडिक्ट यांनी ब्राझीलमधील मूलनिवासींच्या दास्याविरुद्ध पुन्हा फर्मान काढले, तेही आफ्रिकनांविषयी मौन पाळून.

१८३८ मध्ये अमेरिकेतील मेरीलँडच्या जेझुइटांनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम लुईझियानातील मळेवाल्यांना विकण्याचा करार केला. संघाची कर्जे, विशेषतः जॉर्जटाउन महाविद्यालयाची, फेडण्यास या पैशाचा उपयोग झाला. उच्च शिक्षण संस्थांच्या अर्थकारणाची ही बाजू महाविद्यालयीन नियतकालिकातच नोंदलेली बरी. पुढच्याच वर्षी, ३ डिसेंबर १८३९ रोजी, सोळाव्या ग्रेगरी यांनी 'इन सुप्रेमो' हे पत्र काढून गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. त्यात पूर्वसूरींची यादी आहे, ती दुसऱ्या पायस यांच्या १४६२ च्या पत्रापासून सुरू होते. १४५२ व १४५५ ची आज्ञापत्रे तीत नाहीत. आणि तिसऱ्या पॉलांचे जे पत्र तेथे दाखल्यादाखल दिले आहे ते २९ मे १५३७ चे, म्हणजे १५३८ मध्ये मागे घेतले गेलेले. परंपरा आपला वारसा कसा निवडते याचे हे बोलके उदाहरण आहे.

अमेरिकेतील चार्ल्स्टनचे बिशप जॉन इंग्लंड यांनी परराष्ट्रमंत्री फोर्साइथ यांना उद्देशून पत्रमाला लिहिली आणि पोपने व्यापाराचा निषेध केला आहे, घरच्या गुलामगिरीचा नव्हे, असा खुलासा केला. अर्थ खेचलेला होता, पण सर्वस्वी निराधार नव्हता, हे पुढे १८६६ मध्ये दिसून आले. इथिओपियाच्या प्रदेशात काम करणाऱ्या बिशप मास्साया यांच्या शंकांना उत्तर देताना 'होली ऑफिस'ने २० जून १८६६ रोजी कळविले की, दास्य हे स्वरूपतः नैसर्गिक वा दैवी नियमाविरुद्ध नाही आणि त्याची न्याय्य कारणे असू शकतात. अमेरिकेच्या राज्यघटनेतील तेरावी दुरुस्ती होऊन तेव्हा जेमतेम सहा महिने लोटले होते.

कालक्रम पाहता येथे पुण्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. या उत्तरानंतर सातच वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ते अर्पण केले. जन्माने लादलेल्या दास्याला कोणतेही न्याय्य कारण असू शकत नाही, ही दृष्टी त्या अर्पणपत्रिकेमागे आहे. ज्या चौथ्या कारणाचा त्याग करण्यास रोमचे पंडित कचरत होते, त्याच्या मुळावर जोतीरावांनी घाव घातला, कारण त्यांना ते ग्रंथात नव्हे तर समाजात दिसत होते.

५ मे १८८८ रोजी तेराव्या लिओंनी ब्राझीलच्या बिशपांना 'इन प्लूरिमिस' हे परिपत्रक पाठविले. १३ मे रोजी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. त्याच वर्षी कार्डिनल लाव्हिजेरी यांनी आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापाराविरुद्ध युरोपभर मोहीम उघडली. चर्चच्या सर्वोच्च पातळीवरून दास्यसंस्थेचा सरसकट निषेध झाला तो असा, पाश्चात्त्य जगातील शेवटच्या मोठ्या गुलाम-राष्ट्राने ती सोडता सोडता. 'रेरुम नोव्हारुम' त्यानंतर तीनच वर्षांनी आले. मालकाने कामगाराला दास समजू नये, त्याच्या ठायी असलेल्या मानवी प्रतिष्ठेचा मान राखावा, हे वाक्य त्या परिपत्रकात मालकांच्या कर्तव्यांच्या आरंभीच येते. १८८८ बाजूला ठेवून वाचले तर तो एक अलंकार वाटतो. १८८८ शेजारी ठेवले तर ते एका लांबलेल्या हिशेबातील पुढची नोंद आहे, हे ध्यानात येते.

यादी आणि तिचे वाचक

१९६५ मध्ये 'गौदियुम एत स्पेस'च्या सत्ताविसाव्या परिच्छेदात मानवी जीवन व प्रतिष्ठा यांविरुद्धच्या कृत्यांची एक यादी आली. खून, वंशसंहार, गर्भपात, दयामरण, छळ, दास्य, वेश्याव्यवसाय, स्त्रिया व मुलांची विक्री, आणि कामगारांना केवळ नफ्याचे साधन मानणारी कामाची परिस्थिती ही सर्व तेथे एका पंक्तीत आहेत. १९९३ च्या 'व्हेरितातिस स्प्लेंदोर'ने हीच यादी स्वरूपतःच दुष्ट असलेल्या कृत्यांची म्हणून पुन्हा दिली. १९९५ च्या 'एव्हांजेलियुम व्हिते'तही ती प्रारंभीच येते. १८६६ मध्ये जे स्वरूपतः दोषरहित होते, ते १९९३ मध्ये स्वरूपतः दुष्ट ठरले. न्यायवेत्ते जॉन नूनन यांनी २००५ मधील आपल्या ग्रंथात यास सरळ 'बदल' म्हटले. अनेक धर्मशास्त्रज्ञ 'विकास' हा शब्द पसंत करतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने शब्दासाठी भांडू नये, पण कागदपत्रे मात्र लपवू नयेत. जाता जाता हेही नमूद करावेसे वाटते की, सार्वजनिक वादात या यादीचे दोन तुकडे केले जातात : काहींना फक्त गर्भपात दिसतो, काहींना फक्त मजुरी. परिषदेने ती एका दमात लिहिली होती.

मृत्युदंडाच्या बाबतीत हेच पुन्हा घडले. ऑगस्ट २०१८ मध्ये चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथातील संबंधित परिच्छेद बदलून मृत्युदंड अस्वीकारार्ह ठरविण्यात आला, आणि तेव्हाही प्रतिष्ठेच्या तत्त्वाचाच आधार घेतला गेला. ८ एप्रिल २०२४ रोजी 'दिग्नितास इन्फिनिता' हा दस्तऐवज सादर करताना कार्डिनल फर्नांदेझ यांनी शिकवणुकीच्या वाटचालीचे उदाहरण म्हणून १४५२ चे आज्ञापत्र आणि १५३७ चा निषेध यांची जोडी पुढे केली. या दोन सनांपुढे १५३८, १५४८ आणि १८६६ हे सन मांडले म्हणजे वाटचालीची वळणे कळतात.

३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनच्या दोन विभागांनी संयुक्त निवेदन काढून, या आज्ञापत्रांवर उभारलेला 'शोधाचा सिद्धान्त' नाकारला. आज्ञापत्रांत मूलनिवासींची समान प्रतिष्ठा पुरेशी प्रतिबिंबित झाली नव्हती, आणि वसाहतवादी सत्तांनी त्यांचा राजकीय हेतूंसाठी वापर केला, असे त्यात म्हटले आहे. यातील पहिला भाग सौम्य आहे आणि दुसरा अर्धाच खरा. कायमच्या दास्याची परवानगी सत्तांनी मजकुरात घुसडली नव्हती. ती मजकुरातच होती. शिवाय निवेदनाचा मुख्य भर मूलनिवासींवर आणि त्यांच्या भूमीवर आहे. ज्यांची भूमी नव्हे तर शरीरेच नेण्यात आली, त्यांचा हिशेब त्यात क्वचितच येतो.

त्यांपैकी काहींचे वंशज आपल्या शेजारीच आहेत. गोव्यातील मालकांकडून पळून घाटावरच्या जंगलात आसरा घेतलेल्या आफ्रिकनांची परंपरा सांगणारे सिद्दी आज उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर या भागांत राहतात. त्यांतील बरेचसे कॅथलिक आहेत आणि घरी कोकणी वळणाची बोली बोलतात. पोर्तुगीज साम्राज्यात गुलामांच्या निर्यातीवर १८३६ मध्ये बंदी आली, दास्याचा दर्जा १८६९ मध्ये कायद्याने संपला. पणजीच्या अभिलेखागारातील लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराचे खंड, 'मोन्सोंइश दु रैनु', या साऱ्या कालखंडावर प्रकाश टाकू शकतात. मराठी आणि कोकणीच्या प्रदेशात पोर्तुगीज जाणणारे संशोधक थोडे आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचे लक्ष आजवर युद्धे, तह आणि धर्मांतरे यांकडे राहिले आहे. लिलावात उभ्या राहिलेल्या माणसांची नावे त्या कागदांत शोधण्याचे काम अद्याप बरेचसे बाकी आहे.